बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश: पेपर नव्वद मिनिटांचा, कागदपत्रं वर्षभराची

जूनमध्ये कुठल्याही तालुक्याच्या सेतू केंद्रावर जा. बारावी झालेल्या पोरापोरींची रांग असते, सोबत आई किंवा मामा, आणि हातात प्लास्टिकची पिशवी. कुणाचं नॉन-क्रिमी लेअर मार्चमध्ये संपलेलं, कुणाच्या आधारवर वडिलांचं नाव आहे तर मार्कशीटवर नाही, कुणाची जात पडताळणीची फाईल त्रुटीत अडकलेली. यातल्या बऱ्याच जणांना सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, बरे गुण असतात. नर्सिंगची जागा अभ्यास कमी पडल्यामुळे जितकी जाते, निदान तितकीच ती एखाद्या दाखल्यामुळे जाते, हे इतकी वर्षं मुलांचे अर्ज बघून झालेलं माझं मत आहे. म्हणून या लेखात अभ्यासाइतकीच जागा कागदपत्रांना आणि कॉलेज पारखण्याला दिली आहे.

आधी दार कोणतं ते ठरवा

नर्सिंगला जायचे रस्ते तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची अट वेगळी.

चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि एकूण ४५ टक्के गुण. मागासवर्गीयांना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण असावं लागतं, वरची मर्यादा ३५. अभ्यासक्रम आता आठ सत्रांचा आहे. महाराष्ट्रात ही पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, आणि प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची एमएएच-बी.एस्सी. नर्सिंग सीईटी द्यावी लागते.

बारावीला जीवशास्त्र नव्हतं, किंवा कला-वाणिज्य शाखा होती, तर जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी). तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, बारावी कोणत्याही शाखेची चालते, ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की पदवी हातात येते. म्हणजे वर्ष एक जास्त जातं, बाकी काही नाही. ‘जीएनएम म्हणजे कमी दर्जाचं’ असं नातेवाईक सांगतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका. वॉर्डातल्या कितीतरी उत्तम इन्चार्ज सिस्टर जीएनएमवाल्या आहेत. एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसाविका) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, आणि त्याचा भर उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपण यांवर असतो. जीएनएम-एएनएमचे प्रवेश त्या वर्षी कसे होणार, हे सीईटी कक्षाची सूचना वाचूनच ठरवा. गेल्या वर्षी मैत्रिणीने काय केलं यावर विसंबू नका.

तिसरा रस्ता लष्कराचा. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिससाठी पुण्याचं एएफएमसी (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी आणि दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळुरू इथली लष्करी रुग्णालयं धरून सहा ठिकाणी चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग होतं. इथे फक्त मुलींना प्रवेश आहे, आणि निवड नीटच्या गुणांवरून सुरू होते. त्यानंतर बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. ‘मला डॉक्टर व्हायचंच नाही, मग नीट कशाला’ म्हणून ज्या मुली नीटचा अर्ज भरत नाहीत, त्यांचा हा रस्ता तिथेच बंद होतो. एम्सची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंगची परीक्षा पुन्हा वेगळी. त्यात सामान्यज्ञान असतं आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात.

मुलांनी एवढं लक्षात ठेवावं की राज्यातल्या बी.एस्सी. आणि जीएनएमला त्यांना प्रवेश आहे, दिल्लीच्या एम्सला आणि लष्कराच्या कॉलेजांत नाही. नोकरीच्या वेळी एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत महिला आणि पुरुषांचं प्रमाण ८०:२० ठेवलेलं आहे. वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून काम करणाऱ्याला मान असतो, विशेषतः अपघात विभागात आणि मानसोपचारात, पण स्पर्धेचं हे गणित आधी माहीत असलेलं बरं.

कागदपत्रं: अकरावीच्या दिवाळीपासून

हो, अकरावीच्या. सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. त्याची पडताळणी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते, आणि अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. अर्ज ऑनलाईन भरून, कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र जोडून, फाईल समितीकडे द्यायची असते. खरी अडचण पुराव्याची. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद. लोक त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. नोंद अनेकदा मोडीत असते, तिचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. सख्ख्या काकाची किंवा आत्याची वैधता आधीच झालेली असेल तर काम निम्मं होतं, म्हणून सगळ्यात आधी घरात विचारा. एवढं सगळं सीईटीच्या निकालानंतर सुरू करणारा त्या वर्षी खुल्या गटातून लढतो.

नॉन-क्रिमी लेअर हा दुसरा हमखास अडकणारा कागद. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती, विशेष मागासवर्ग यांना तो लागतो, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. डिसेंबरमध्ये अर्ज भरताना जो चालला तो जुलैच्या प्रवेशाला चालत नाही, कारण प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला हवा. एप्रिल लागला की नवा काढायला टाका.

बाकीची यादी अशी ठेवा:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र
- आधार
- वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच
- मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र

आता नावाचं. दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच, अक्षरासकट, सीईटीच्या अर्जात भरा. आधारवर ‘विठ्ठल’चं स्पेलिंग एका टीने आणि मार्कशीटवर दोन टींनी असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, बोर्डाचं प्रमाणपत्र बदलण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे. अर्ज नेट कॅफेवाल्याकडून भरत असाल तर शेजारी बसून भरा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचे द्या, त्याचे नाही. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येणार असतो, आणि कॅपची, म्हणजे जागा वाटणाऱ्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, फेरी चालू असताना कॅफे बंद असला की काय होतं ते विचारू नका. पासवर्ड वहीत लिहा. प्रत्येक कागद स्कॅन करून मापात बसवलेली पीडीएफ एका फोल्डरात ठेवली की पुढच्या प्रत्येक फेरीत हायसं वाटतं.

अभ्यास: वीस-वीसचे पाच गठ्ठे

सीईटीत १०० बहुपर्यायी प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटं असतात. भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड (नर्सिंगचा कल तपासणारा भाग), प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. या एका परिच्छेदात सगळी रणनीती आहे, फक्त ती नीट वाचली पाहिजे.

पहिली गोष्ट, जीवशास्त्राला इथे भौतिकशास्त्राइतकंच वजन आहे. नीटच्या क्लासमधून आलेली मुलं जीवशास्त्रावर दिवस घालवतात आणि इंग्रजीला हात लावत नाहीत. पण इंग्रजी आणि ॲप्टिट्यूड मिळून ४० गुण होतात, आणि त्यांना आकडेमोड लागत नाही.

दुसरी गोष्ट, पुस्तक राज्य मंडळाचंच घ्या. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सीईटी साधारण एप्रिल-मेच्या सुमारास, म्हणजे एकाच वाचनात दोन्ही कामं. फरक एवढाच की बोर्डासाठी उत्तर लिहायचं असतं आणि सीईटीसाठी ओळखायचं. म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटचे बहुपर्यायी प्रश्न, आकृत्यांखालच्या ओळी आणि तक्ते बोर्डाच्या तयारीतच वेगळ्या वहीत उतरवून ठेवा.

जीवशास्त्रात मानवी शरीराकडे झुकतं माप द्या: श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, प्रजनन, मानवी आरोग्य आणि रोग, मग आनुवंशिकता. एक उदाहरण देते. हृदयाचा धडा ‘वाचला’ म्हणणाऱ्या मुलीला मी कोरा कागद देते आणि रक्ताचा प्रवास काढायला सांगते. महाशिरा, उजवं अलिंद, त्रिदल झडप, उजवं निलय, फुप्फुस धमनी, फुप्फुसं, फुप्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदल झडप, डावं निलय, महाधमनी. बहुतेकींची पेन्सिल फुप्फुस धमनीपाशी अडते, कारण ‘धमनीत शुद्ध रक्त’ हे सातवीपासून डोक्यात बसलेलं. प्रश्न काढणाराही बरोबर तिथेच बोट ठेवतो: ऑक्सिजन कमी असलेलं रक्त वाहून नेणारी धमनी कोणती? अपवाद दिसला की लाल पेनाने खूण करा. परीक्षेचे इंग्रजी शब्दही शेजारी लिहा, पल्मनरी आर्टरी, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह, कारण पदवीचा अभ्यास इंग्रजीतूनच आहे आणि पहिल्या सत्रात ॲनाटॉमी अंगावर येते.

रसायनशास्त्रात पाठांतरावर गुण देणारे धडे आहेत: जैवरेणू, बहुवारिके, हरित रसायन, संक्रमण मूलद्रव्ये. ते आधी संपवा. द्रावणं आणि आयनिक समतोल यांतली छोटी गणितं करा, सामू काढता आला पाहिजे. भौतिकशास्त्रात लांबलचक सिद्धता सोडून द्या. सूत्र, एकक आणि मिती यांचा एक तक्ता करा, अर्धवाहक, अणू-केंद्रक आणि विद्युतधारा यांतले सरळ प्रश्न पदरात पाडा. ज्यांना भौतिकशास्त्राची धास्ती आहे त्यांनी २० पैकी १० ते १२ चं लक्ष्य ठेवलं तरी चालतं. तो वेळ इंग्रजीला द्या.

इंग्रजीत कर्तरी-कर्मणी, शब्दयोगी अव्ययं, उपपदं, समानार्थी-विरुद्धार्थी आणि छोटा उतारा. रोज एक उतारा वेळ लावून वाचा. दुसरा उपाय नाही.

ॲप्टिट्यूडचे वीस गुण

या भागाला पाठ्यपुस्तक नाही म्हणून बाजारात जाड जाड गाईडं निघाली आहेत. त्यातलं बरंचसं पानं भरण्यासाठी असतं. प्रश्नांचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला साध्या बुद्धिमापनाचा: अंकमालिका, दिशा, नातेसंबंध. पोलीस भरतीच्या सराव संचातही हेच असतं, भावाकडचं पुस्तक चालेल.

दुसरा आरोग्याच्या सामान्य माहितीचा. शरीराचं सामान्य तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट. प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि तयार पाणी २४ तासांत संपवायचं. क्षयरोगाची बीसीजी लस जन्मल्यावर लगेच. सपाट भागात प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० ला. उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० ला. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून पाळतात, त्यांचं जन्मसाल १८२०. ७ एप्रिल जागतिक आरोग्य दिन. यातलं निम्मं तुमच्या गावच्या आशाताईंना तोंडपाठ आहे. एखादा दिवस त्यांच्याबरोबर लसीकरणाच्या सत्राला जाऊन बसा, गाईड बाजूला पडेल.

तिसरा प्रकार प्रसंगाचा, आणि मुलं गडबडतात ती इथे. समजा प्रश्न असा आला: एका रुग्णाला चुकून शेजारच्या खाटेवरच्याची गोळी दिली गेली, हे तुमच्या लक्षात आलं. सर्वांत आधी काय कराल? पर्याय: मैत्रिणीला सांगाल, रुग्णाला त्रास होतो का याची संध्याकाळपर्यंत वाट पाहाल, रुग्णाची तपासणी करून लगेच इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना कळवाल, उलटीचं औषध द्याल. चौथा पर्याय हुशारीचा वाटतो आणि त्यात बरीच मुलं फसतात. पण डॉक्टरांच्या आदेशाशिवाय औषध देणं नर्सच्या अधिकारात बसत नाही. अशा प्रश्नांना चार गोष्टी लावून पाहा: रुग्णाची सुरक्षा आधी येते का, काही लपवलं जातंय का, आपल्या अधिकाराबाहेर जातोय का, आणि रुग्णाची गुप्त माहिती बाहेर जातेय का. चारही तपासले की बहुधा एकच पर्याय उरतो. व्हरांड्यात थांबलेला शेजारी ‘त्याला काय झालंय हो सिस्टर?’ असं विचारतो, तो प्रश्न चौथ्या गोष्टीत येतो. त्याचं उत्तर गोड बोलून नकार.

नव्वद मिनिटं

एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. ॲप्टिट्यूड, इंग्रजी आणि जीवशास्त्र यांचे ६० प्रश्न ४० ते ४५ मिनिटांत उरकता आले, तर उरलेल्या ४० प्रश्नांना निवांत वेळ मिळतो. अडलेला प्रश्न खूण करून पुढे जा. शेवटची पाच मिनिटं फक्त कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांसाठी ठेवा. गुण कापणार नाहीत तर एकही प्रश्न कोरा ठेवायचं कारण नाही. (एम्सच्या परीक्षेत हीच सवय अंगलट येते, दोन्ही देणाऱ्यांनी भान ठेवावं.) सराव मोबाईलवर नको. कॉलेजच्या संगणक कक्षात माऊसने सोडवा, कारण खेड्यातल्या हुशार मुलाचा वेळ प्रश्नात कमी आणि स्क्रोल करण्यात जास्त जातो.

परीक्षा एकाहून जास्त सत्रांत झाली तर निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० गुण नव्हेत. शंभरातल्या ८० जणांइतके किंवा त्यांच्याहून जास्त गुण तुम्हाला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे घरच्यांना आधीच समजावून सांगा.

कॉलेज बघताना इमारत बघू नका

परिषदेच्या निकषाप्रमाणे नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं, आणि दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण मिळायला हवेत. कागदावर हे सगळीकडे असतं. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास, कुणाला न कळवता, त्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का? वॉर्डात नातेवाइकांची वर्दळ आहे का? गाद्यांवर चादरी कोऱ्या करकरीत आणि खाटा रिकाम्या दिसल्या तर तिथे चार वर्षांत तुम्ही सलाईन लावायला पुतळ्यावरच शिकाल. गणवेशातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा: पोस्टिंगला कुठे नेतात, बसचे पैसे वेगळे का, ट्यूटर सोबत असतात का, बाळंतपणाच्या केसेस मिळतात का. माहितीपत्रकात हे सापडत नाही. मुंबईच्या जे. जे. किंवा नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाला सगळे पहिली पसंती देतात ते तिथल्या इमारतीकडे बघून नाही, तिथे रुग्णांचा तोटा नाही म्हणून.

मान्यता तीन ठिकाणी तपासा: भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ. खासगी कॉलेजचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते संकेतस्थळावर असतं. त्याहून जास्त मागितलं तर कशाचे पैसे हे लेखी मागा. मेस, हॉस्टेल, गणवेश वेगळे असतात, ते धरूनच हिशेब करा.

आणि एजंट. निकालानंतर फोन येतात: शेजारच्या राज्यात थेट प्रवेश, सीईटी नको, वर्गात यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या. परिषदेच्या नियमाने परीक्षेला बसण्यासाठी तासिका आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची १०० टक्के पूर्ण करावी लागते. तेव्हा ‘हजेरी नको’ म्हणणारा माणूस तुम्हाला जे विकतोय, ते नोंदणीच्या वेळी उघडं पडणार. परराज्यात जाणं चूक नाही, चांगली कॉलेजं तिकडेही आहेत. पण स्वतः जाऊन, रुग्णालय बघून, पावती घेऊन.

पसंतीक्रम आणि त्यानंतर

कॅपच्या अर्जात कॉलेजं भरताना ‘मिळेल का’ याचा विचार करून क्रम लावू नका. ज्या कॉलेजात जायला सगळ्यात जास्त आवडेल ते वर. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. उलट जिथे मिळालं तरी जाणार नाही, ते यादीत टाकूच नका. जागा मिळून हजर न राहिल्यास पुढच्या फेरीत काय होतं याचे नियम कडक असतात. जागा मिळाली पण वरच्या कॉलेजसाठी पुढच्या फेरीत जायचं की आहे तिथेच थांबायचं, हे स्टेटस रिटेन्शन फॉर्मने कळवायचं असतं. तो भरण्याआधी त्या वर्षीच्या पुस्तिकेतलं ते पान शांतपणे वाचा. गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात, त्यात आपला प्रवर्ग आणि शेवटच्या फेरीचा आकडा पाहा.

मूळ कागद कॉलेजात जमा करताना प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती स्वतःजवळ ठेवा आणि जमा केल्याची पोच घ्या.

शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो, कॉलेज तो आपोआप भरत नाही. २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे, पण ती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला; व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर नाही. एकाच कॉलेजात दोन मैत्रिणींच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे. अर्जाआधी बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का एवढंच विचारू नका, शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात यायला हवेत तेच खातं एनपीसीआयला, म्हणजे आधारवरून पैसे कोणत्या खात्यात जायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेला, जोडलंय का ते विचारा. कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या शून्य शिलकीच्या खात्यात हप्ता जाऊन पडतो, आणि इकडे मुलगी कॉलेजच्या ऑफिसात ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून खेटे घालत असते.